फुटबॉलचे व्यूह : एका आकड्याची कथा

फुटबॉलचा सामना पाहणाऱ्याची दृष्टि सहसा चेंडूमागें धांवत असते. चेंडू जेथें नाहीं तेथें उभ्या असलेल्या गड्यांकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु या खेळाचा बराच इतिहास त्या उभें राहण्याच्या जागांतच दडलेला आहे.

३० नोव्हेंबर १८७२ रोजीं ग्लासगो येथें इंग्लंड व स्कॉटलंड यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. चेंडू पायांत घेऊन एकट्यानें मुसंडी मारावी, ही त्या वेळची इंग्लिश रीत. म्हणून इंग्लंडनें बहुतेक सारे गडी आघाडीस ठेवले होते. स्कॉटलंडनें बचावाला त्यांच्यापेक्षां अधिक गडी दिले. गोल एकही झाला नाहीं. पुढें एकमेकांस चेंडू देत खेळण्याची पद्धति रुजली, तसतसे आघाडीचे गडी मागें येऊं लागले आणि दोन बॅक, तीन हाफबॅक व पांच फॉरवर्ड ही रचना रूढ झाली.

‘ऑफसाइड’चा नियम १८६६ पासून असा होता कीं, चेंडू पुढें दिला जातांना, तो घेण्यास पुढें गेलेल्या गड्याच्या व गोलरेषेच्या मध्यें प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावेत. गोलरक्षक त्यांतलाच एक. तेव्हां दोघां बॅकांपैकीं एकानें ऐन वेळीं चार पावलें पुढें सरकावें, कीं प्रतिपक्षाची चढाई तेथेंच थांबे! न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन या विद्येंत विशेष तरबेज होता. खेळ वारंवार अडूं लागला, गोल दुर्मिळ झाले. अखेर १९२५ सालीं तीनाच्या जागीं दोन हा आकडा आला. आतां सापळा फसला तर मागें एकटा गोलरक्षक उरे. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणींत १९२४-२५ च्या हंगामांत १,१९२ गोल झाले होते. पुढल्याच हंगामांत ते १,७०३ झाले.

त्याच वर्षीं हर्बर्ट चॅपमन हे लंडनच्या आर्सेनल संघाचे व्यवस्थापक झाले. ३ ऑक्टोबर १९२५ रोजीं न्यूकॅसलनें त्यांच्या संघाचा सात विरुद्ध शून्य असा धुव्वा उडविला. संघांतील अनुभवी खेळाडू चार्ली बकन याचें म्हणणें असें कीं, सेंटर-हाफनें मागें येऊन दोघां बॅकांच्या मध्यें उभें राहावें, व त्याची रिकामी जागा एका फॉरवर्डनें भरावी. व्यवस्थापकांनीं खेळाडूचा शब्द मानला. दोनच दिवसांनीं आर्सेनलनें वेस्ट हॅमवर चार विरुद्ध शून्य असा विजय मिळविला. पुढें दुसराही एक फॉरवर्ड मागें आला, आणि आघाडीचे पांच गडी इंग्रजी ‘डब्ल्यू’सारखे, तर पिछाडीचे पांच ‘एम’सारखे दिसूं लागले. आर्सेनलनें १९३० सालीं एफ. ए. कप, आणि १९३१ व १९३३ सालीं लीगचें अजिंक्यपद मिळविलें.

या यशाची किंमत सेंटर-हाफनें मोजली. पूर्वीं चढाई व बचाव या दोहोंचें सूत्र त्याच्या हातीं असे. आतां तो प्रतिपक्षाच्या सेंटर-फॉरवर्डचा पहारेकरी झाला. आर्सेनलच्या हर्बी रॉबर्ट्सला ‘पोलीसमन’ हेंच नांव पडलें. इतर संघांनीं ही रचना उचलली, आणि कालांतरानें ती नित्यपाठासारखी झाली.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजीं हंगेरीचा संघ लंडनच्या वेम्ब्ले मैदानावर उतरला. त्याचा नऊ क्रमांकाचा गडी नांदोर हिदेगकुटी हा नांवाचा सेंटर-फॉरवर्ड. उभा राही तो बराच मागें. इंग्लंडचा सेंटर-हाफ हॅरी जॉन्स्टन याला मोठा पेंच पडला. त्याच्यामागें जावें तर गोलपुढें खिंडार पडे. न जावें तर तो मोकळा सुटे. हिदेगकुटीनें तीन गोल केले व हंगेरीनें सामना सहा विरुद्ध तीन असा जिंकला. ब्रिटिश बेटांबाहेरील संघाकडून स्वतःच्या भूमीवर इंग्लंडचा हा पहिलाच पराभव.

चॅपमन १९३४ सालींच निवर्तले होते. त्यांनीं बदललेल्या नियमाला उत्तर शोधलें होतें. मागून आलेल्यांनीं तें उत्तर पाठ केलें, आणि प्रश्न बदलल्याचें त्यांना वेम्ब्लेवर कळलें. व्यूह रचतां येणें ही एक विद्या. तो कां रचला होता याचें स्मरण ठेवणें, ही तिच्याहून कठीण.