डाव संपवायचा कुणी?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, आज मला बोलायला बारा मिनिटे दिली आहेत. समोरच्या काचेपलीकडून खूण झाली की माझे बोलणे संपले. विषय पुरा झाला की नाही, हे घड्याळ विचारत नाही. गंमत अशी की माझा आजचा विषयही हाच आहे. एखादा खेळ, विशेषतः व्हिडिओ गेम, संपायला किती वेळ लागावा? आणि तो केव्हा संपावा हे ठरवायचे कुणी?

मी बीड जिल्ह्यात एका शाळेत इतिहास शिकवतो. माझे गाव परळी तालुक्यातले. आमच्या शेताच्या बांधावरून परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसायच्या. तिथला पहिला संच १९७१ साली सुरू झाला. पण वीज काही चिमणीच्या सावलीत राहत नाही, ती राज्याच्या जाळ्यात जाते. त्यामुळे दिव्याखाली अंधार ही म्हण आम्हाला शाळेत शिकवावी लागली नाही.

२००४ सालची गोष्ट. मी बारा वर्षांचा होतो. मामाने मुंबईहून टीव्हीला जोडायचा चिनी बनावटीचा गेम आणला. त्यात पिवळी कॅसेट खोचली की मारिओ सुरू व्हायचा. आमच्या शेजारी माझा एक दोस्त राहायचा. त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. शाळा सुटली की आम्ही दोघे त्या टीव्हीसमोर.

मारिओचा हा खेळ जपानमध्ये १९८५ साली निघाला. त्यात आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, म्हणजे एकूण बत्तीस टप्पे. शेवटी राजकन्येची सुटका. पण या खेळात एक अडचण होती. खेळ अर्धा ठेवून उद्या तिथूनच पुढे खेळण्याची सोय नव्हती. यंत्र बंद झाले की सारे पुसले, पुन्हा पहिल्या जगापासून सुरुवात. टोकियोतल्या किंवा न्यूयॉर्कमधल्या मुलाला ही अडचण फारशी जाणवली नसेल. भारनियमनाच्या काळात आमच्या गावात मात्र खेळाची लांबी जपानी कारागिराने नव्हे, तर विजेच्या वेळापत्रकाने ठरवली.

दसरा झाला होता. एका संध्याकाळी आम्ही पहिल्यांदाच आठव्या जगात पोचलो. आईने जेवायला हाक मारली म्हणून खेळ थांबवून ठेवला, बंद केला नाही. भाकरी खाऊन परत आलो आणि पडद्यासमोर बसतो न बसतो तोच लाईट गेली. दोस्त म्हणाला, "उद्या करू." पण दुसऱ्या दिवशी पहाटे मुकादमाचा ट्रक आला. भांडीकुंडी, शेळी, धाकटी बहीण आणि तो, सगळे ट्रकमध्ये चढले आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याकडे गेले. तो आला चैत्रात. तोवर त्याची शाळाही बुडाली होती आणि आमची कॅसेटही बिघडली होती.

तेव्हापासून मला हा प्रश्न पडला आहे. इतिहासाचा मास्तर झाल्यावर मी त्याची मुळे शोधू लागलो.

आपल्या खेळांना वेळेचे बंधन तसे अलीकडचे. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली बांधले गेले, आणि आज आपण नऊ मिनिटांची पाळी खेळतो. कबड्डीत वीस-वीस मिनिटांचे दोन भाग. पण परंपरा ज्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते, त्या मोक्षपटाला घड्याळ नाही. साप गिळील तितक्यांदा खाली यायचे, शिडी मिळेल तेव्हा वर चढायचे. एकाला पाव तासात मोक्ष, दुसऱ्याला दुपार गेली तरी नाही. माझे आजोबा पारावर सोंगट्या खेळायचे. अंधार पडला की डाव मोडायचा, पण कुणाची सोंगटी कोणत्या घरात होती हे चौघेही लक्षात ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे खेळायचे. त्यांची कॅसेट त्यांच्या डोक्यात होती.

घड्याळ काढून टाकले की काय होते, याचा धडा क्रिकेटने दिला. मार्च १९३९ मध्ये डर्बनला इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात बिनमुदतीची कसोटी झाली. निकाल लागेपर्यंत खेळायचे असे ठरले होते. दहा दिवस उलटले. इंग्लंडला जिंकायला ६९६ धावा हव्या होत्या आणि ५ बाद ६५४ झाल्या होत्या. पण मायदेशी जाणारी बोट गाठायची होती, म्हणून सामना तसाच सोडावा लागला. तो अनिर्णित राहिला तो बोटीमुळे.

व्हिडिओ गेमचा इतिहासही असाच आहे. सुरुवातीची यंत्रे नाण्यावर चालायची. १९७८ सालचा स्पेस इनव्हेडर्स, १९८० सालचा पॅक-मॅन हे असे खेळ. यंत्र ठेवणाऱ्याचा फायदा खेळ लवकर संपण्यात. खेळाडू लवकर हरला तर पुढचे नाणे लवकर पडणार. त्यामुळे या खेळांना शेवट नव्हताच, होती फक्त हार. पॅक-मॅनमध्ये कुणी चिकाटीने २५६व्या पडद्यापर्यंत पोचलाच, तर यंत्राचीच मोजणी संपायची आणि अर्धा पडदा चुकीच्या अक्षरांनी भरून जायचा.

मग यंत्र घरी आले. आता गिऱ्हाईक एकदाच पैसे देणार, म्हणजे त्याला पुरेसा खेळ मिळायला हवा. लांबी वाढली. १९८६ साली जपानमध्ये झेल्डा नावाचा खेळ चकतीवर आला. त्यात खेळाडूची प्रगती साठवता येत होती. १९८७ साली तो अमेरिकेत कॅसेटवर गेला तेव्हा आत एक छोटी बॅटरी बसवली होती. वीज गेली तरी ती बॅटरी खेळ लक्षात ठेवायची. आजोबांच्या पारावरची युक्तीच ती. ती बॅटरी आमच्या पिवळ्या कॅसेटमध्ये असती तर! पण झेल्डा काय, बॅटरी काय, आमच्या गावापर्यंत काही आले नाही.

आपल्या महाराष्ट्रातही हा प्रश्न उभा राहिला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही कथा, पाठीशी दुर्गा आणि विष्णू. जगभर कौतुक झाले. हा खेळ पाच-सहा तासांत संपतो. काहींनी कुरकुर केली की फार लवकर संपला. मला मात्र ते आवडले. कीर्तनकाराने उत्तररंग नेमक्या जागी आवरला, तर घरी जाताना अभंग ओठांवर राहतो. रात्रभर ताणला तर मंडपात घोरणे ऐकू येते.

आता वारे उलटे फिरले आहे. मोबाईलवरचे पुष्कळ खेळ फुकट मिळतात आणि संपतच नाहीत. लढाईचा एक डाव अर्ध्या तासात आटोपतो, पण लगेच दुसरा तयार. दर काही आठवड्यांनी नवा हंगाम, नवी बक्षिसे. पूर्वी खेळाडू लवकर उठण्यात धंद्याचा फायदा होता, आता तो न उठण्यात आहे. चीनच्या सरकारने २०२१ साली अठरा वर्षांखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, एवढाच ऑनलाइन खेळ ठरवून दिला. म्हणजे तिथेही शेवट दुसऱ्यानेच ठरवला.

गेल्या वर्षी दोस्त भेटला. तो आता स्वतःच कोयता घेऊन जातो. त्याचा मुलगा फडाजवळच्या कोपीत मोबाईलवर खेळतो. गाव बदलले, शाळा सुटली, तरी त्याचा खेळ जिथे थांबला तिथूनच सुरू होतो. दोस्त मला म्हणाला, "काय रे मास्तर, ही गेम संपती कधी?" मी म्हणालो, "ही नाही संपत." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आपली तरी कुठं संपली?"

श्रोतेहो, खेळ किती तासांचा असावा याचा आकडा मी देणार नाही. पाच तासांचा असो की पन्नास, त्याला शेवट असावा आणि मध्येच उठावे लागले तर जागा राखलेली असावी. डाव संपवण्याचा किंवा पुढे नेण्याचा हक्क खेळणाऱ्याच्या हातात असावा. हे खेळाला लागू आहे, तसे त्या मुलाच्या शाळेलाही. मोबाईल त्याची जागा सहा महिने राखून ठेवतो. वर्गातली जागा राखणे आमचे काम आहे. तो चैत्रात परत येईल तेव्हा धडा पहिल्यापासून नको, थांबला होता तिथून सुरू व्हावा, एवढा बंदोबस्त मी माझ्या वर्गापुरता यंदा करणार आहे.

काचेपलीकडून खूण झाली आहे. नमस्कार.