ॲन आर्बर

ॲन आर्बर : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मध्य-पश्चिम भागातील मिशिगन राज्याचे एक प्रसिद्ध विद्यापीठनगर व वॉश्टनॉ परगण्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या १,२३,८५१ (२०२०). हे डिट्रॉइटच्या पश्चिमेस सु. ७० किमी. अंतरावर ह्यूरन नदीकाठी वसले आहे. मिशिगन विद्यापीठाच्या येथील विद्यार्थ्यांची संख्या ५०,००० हून अधिक असून त्यांपैकी बहुसंख्य ऑगस्टच्या अखेरीस येतात व मेच्या प्रारंभी पांगतात. काही वर्षे राहून निघून जाणारा हा विद्यार्थी शहराचा नागरिक मानावा की पाहुणा, या प्रश्नाभोवती येथील आधुनिक इतिहास मुख्यतः घडला आहे.

स्थापना : जॉन ॲलन व एलिशा रम्झी यांनी १८२४ मध्ये सरकारकडून ६४० एकर (सु. २६० हेक्टर) जमीन विकत घेऊन गावाची आखणी केली. दोघांच्याही पत्नींच्या नावांत ‘ॲन’ होते. त्यास ओक वृक्षांच्या राईवरून कुंज या अर्थाचा ‘आर्बर’ हा शब्द जोडण्यात आला, असे सामान्यतः मानतात. डिट्रॉइट येथे १८१७ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ १८३७ मध्ये येथे आणण्याचे ठरले. त्यासाठी एका स्थानिक जमीन-कंपनीने ४० एकर जागा देऊ केली. आसपासच्या जमिनींचे भाव वाढावेत हाही त्या देणगीमागील हिशेब होता. १८३९ मध्ये लोहमार्ग आला, १८४१ मध्ये अध्यापन सुरू झाले व १८५१ मध्ये गावास शहराचा दर्जा मिळाला. १८७० पासून विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश मिळू लागला.

वर्षचक्र : शरद ऋतूत शहरावर फुटबॉलचा अंमल असतो. १९२७ साली खुल्या झालेल्या मिशिगन स्टेडियमची आसनक्षमता १,०७,६०१ असून ती शहराच्या लोकसंख्येच्या जवळपास आहे. सामन्याच्या शनिवारी रस्ते, उपाहारगृहे व निवासस्थाने परगावच्या प्रेक्षकांनी भरून जातात. हिमवृष्टीच्या महिन्यांत व्याख्याने, नाट्यप्रयोग व संगीतसभा यांवर भर असतो. १९१३ मध्ये बांधलेले हिल सभागृह हे त्यांचे प्रमुख केंद्र होय. मार्चमध्ये १९६३ पासून प्रायोगिक चित्रपटांचा महोत्सव भरत आला आहे. उन्हाळ्यात विद्यार्थी निघून गेल्यावर दुकाने ओस पडू नयेत, म्हणून साउथ युनिव्हर्सिटी मार्गावरील व्यापाऱ्यांनी १९६० मध्ये आपल्या सवलतीच्या विक्रीस कलाप्रदर्शनाची जोड दिली. जुलैमधील आजची विस्तीर्ण कलाजत्रा त्यातूनच वाढली.

विद्यार्थी व राजकारण : १४ ऑक्टोबर १९६० च्या पहाटे मिशिगन युनियन या वास्तूच्या पायऱ्यांवरून जॉन केनेडी यांनी विकसनशील देशांत सेवा करण्याची तयारी आहे काय, असा सवाल विद्यार्थ्यांना केला. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या शांतिसेनेचा उगम या भाषणात शोधला जातो. २४ व २५ मार्च १९६५ रोजी व्हिएटनाम युद्धावर रात्रभर चाललेली पहिली ‘टीच-इन’ चर्चा येथेच झाली. तथापि देशाच्या प्रश्नांवर बोलणाऱ्या या तरुणांना स्वतःच्या नगरात मत देणे अवघड होते. मतदानाचे वय २१ वर्षे होते आणि केवळ शिक्षणासाठी राहिल्याने कोणी त्या गावचा रहिवासी ठरत नाही, असे मिशिगनचा कायदा गृहीत धरी. १९७१ मध्ये संविधानाच्या २६ व्या दुरुस्तीने वयोमर्यादा १८ वर आली. त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते गृहीतक रद्द केले व विद्यार्थ्यांस इतर रहिवाशांप्रमाणेच नोंदणीचा हक्क मिळाला.

त्या काळी नगरपरिषदेची निवडणूक एप्रिलमध्ये, म्हणजे विद्यार्थी शहरात असताना होई. १९७२ मध्ये ह्यूमन राइट्स पार्टी या नव्या पक्षाने परिषदेच्या दोन जागा जिंकल्या. १९७४ मध्ये त्याच पक्षातर्फे निवडून आलेल्या कॅथी कोझाचेंको या समलिंगी असल्याचे जाहीर करून निवडणूक जिंकणाऱ्या देशातील पहिल्या उमेदवार मानल्या जातात. मतदार विद्यार्थ्यांच्या बाजूने नेहमीच उभे राहिले असे मात्र नाही. घरभाडे-नियंत्रणाचा प्रस्ताव १९७४ मध्ये फेटाळला गेला. १९७५ मध्ये पसंतिक्रमाच्या मतदानातून ॲल्बर्ट व्हीलर हे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. ही पद्धत १९७६ मध्ये रद्द करण्यात आली. १९७७ मध्ये व्हीलर यांना अवघ्या एका मताने विजय मिळाला. पुढे शहराच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या २० जणांची नावे चुकून मतदारयादीत आल्याचे उघड झाले. कोणास मत दिले हे न्यायालयात सांगण्यास विद्यार्थिनींनी नकार दिला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मतदानाची गुप्तता मान्य केली. फेरनिवडणुकीत लुइस बेल्चर विजयी झाले.

नंतर एप्रिलमधील निवडणुका नोव्हेंबरमध्ये नेण्यात आल्या. डेमोक्रॅटिक पक्षाचे प्राबल्य असल्याने खरा निर्णय बहुधा ऑगस्टमधील पक्षांतर्गत निवडणुकीतच होतो व तेव्हा बहुसंख्य विद्यार्थी गावात नसतात. त्यांच्या अनुपस्थितीत घरबांधणी, भाडे व करांचे निर्णय घेणारे प्रतिनिधी ठरतात. करांचा प्रश्नही विद्यापीठाशी निगडित आहे. विद्यापीठाची मालमत्ता करमुक्त असल्यामुळे २००९ मध्ये त्याने फायझर कंपनीचे जुने संशोधन-संकुल खरेदी केले, तेव्हा शहराचे मोठे करोत्पन्न बुडाले. दुसरीकडे, मिशिगनमध्ये मतदानाच्या दिवशीही नावनोंदणीची सोय झाल्यावर विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात नगर-कार्यालयाची तात्पुरती शाखा उघडण्यात आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील विद्यार्थ्यांची रांग मध्यरात्र उलटून गेल्यावरही संपली नव्हती.