आजोबांनी खाल्लेली अळंबी

कुजक्या लाकडावरची अळंबी ओळखायची कशी, असं लहानपणी विचारलं की मोठ्यांचं उत्तर ठरलेलं असे. आपल्या आजोबांनी खाल्ली ती खावी, बाकीच्या सगळ्या कुत्र्याच्या छत्र्या! पुढे शिक्षक झाल्यावर मीही वर्गात हेच सांगत आलो. जपानमधली २००४ सालची हकिकत वाचली आणि त्या उत्तरावरचा माझा विश्वास उडाला.

तिकडे सुगी नावाचा उंच सूचिपर्णी वृक्ष आहे. (आपल्या सुगीशी काही नातं नाही, पण नाव ऐकून बरं वाटतं.) त्याच्या शेवाळलेल्या जुन्या बुंध्यांवर शरद ऋतूत एक पांढरीशुभ्र, जवळजवळ देठच नसलेली, कानाच्या पाळीसारखी अळंबी थराथरांनी उगवते. नाव सुगीहिराताके. ताके म्हणजे अळंबी. जपानच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात लोक ती पूर्वापार गोळा करत, सूपमध्ये घालून खात. पुस्तकांतही ती खाण्याजोगी म्हणूनच नोंदलेली होती.

त्या वर्षी अकिता, यामागाता, निइगाता या बाजूला माणसं आजारी पडू लागली. आधी हातपाय थरथरायचे, मग झटके, मग शुद्ध जायची. ५९ जण आजारी पडले, त्यातले १७ दगावले. बहुतेक वयस्कर. पुष्कळांची मूत्रपिंडं आधीच अधू, काही तर डायलिसिसवर होते. आणि अळंबी ओळखण्यात चूक झालेली नव्हती. ती नेहमीचीच होती. शेवटी ती खाऊच नका, असं सरकारला सांगावं लागलं.

मग आधीच्या पिढ्यांना काहीच झालं नसेल का? मला तसं वाटत नाही. त्रास सुरू व्हायचा तो खाल्ल्यावर कित्येक दिवसांनी. आठवड्यापूर्वीच्या सूपची आठवण कोण काढणार? नोव्हेंबर २००३ मध्ये तिथे कायदा बदलून मेंदूच्या अशा अचानक उद्भवणाऱ्या आजारांची खबर देणं डॉक्टरांना बंधनकारक झालं होतं. सुट्या सुट्या घटना एका ठिकाणी आल्या, त्यानंतर धागा जुळला. शिवाय डायलिसिस येण्यापूर्वी मूत्रपिंड निकामी झालेला माणूस ती अळंबी खायला उरतच कुठे होता?

गेल्या पावसाळ्यात पुतण्या गावाहून अळंबी घेऊन आला. "काका, आजोबा खायचे ना, तीच!" माझं क्रिएटिनिन हल्ली वाढलेलं असतं. मी पानात वाढू दिली नाही. तो काही बोलला नाही, पण त्याला लागलं ते दिसलं.