बांध कोण राखतो?

१९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, असे आयपीसीसीचा २०२१ चा अहवाल सांगतो. म्हणजे जेमतेम एक वीत. परंतु ही वीत कोणाच्या दारात येते आणि तिला अडवायला कोण उभे असते, हा प्रश्न इतिहासाचा आहे. गोव्यातील खाजण शेतीच्या आधारे तो येथे मांडावा असे आम्हांस वाटते.

मांडवी-जुवारीच्या काठची खाजणे भरतीच्या पातळीहून खाली आहेत. खाऱ्या दलदलीला चिखलमातीचे बांध घालून ती पोर्तुगीज येण्यापूर्वीच लागवडीखाली आणली गेली. बांधातील लाकडी दरवाजांना ‘मानस’ म्हणतात. भरतीच्या दाबाने ते आपोआप मिटतात. ओहोटीला उघडून शेतातले पाणी बाहेर सोडतात. पावसाळ्यात खारेपणा सोसणारे कोरगूट भात, पुढे मासळी, काही ठिकाणी मीठ, असे हे चक्र.

ते चालवीत असे ती ‘गावकरी’ ही सामुदायिक भूधारणेची संस्था, पोर्तुगीजांची ‘कोमुनिदाद’. तिच्या रूढी १५२६ च्या सनदेत नोंदल्या गेल्या. मानशीवरील मासेमारीचा लिलाव होई आणि बांधाची डागडुजीही सामुदायिक उत्पन्नातून होई. मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. हक्क वंशपरंपरेने पुरुषांकडे जात. चिखल उपसणारे हात बहुधा दुसऱ्यांचे असत.

म्हणूनच १९६४ चा कुळकायदा न्याय्य होता. कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला. पण बांधाचे सामुदायिक दायित्व तितक्या सहजी वाटून देता आले नाही. ते पुढे कुळांच्या संघटनांकडे आले. भातापेक्षा मासळीला मोल आले, तेव्हा काही ठिकाणी खारे पाणी आत राहू देण्यातच लाभ दिसू लागला. शेते पडीक झाली, बांध खचले.

समुद्राची वाढती पातळी नेमकी या खिंडारापाशी येऊन पोहोचली आहे. ओहोटीचे पाणीही पूर्वीइतके खाली उतरेनासे झाले की मानस उघडी राहण्याचा अवधी घटतो आणि पावसाचे पाणी शेतातच तुंबते. बांध उंच करता येईल. परंतु तो फुटल्या रात्री धावून जाण्याचे कर्तव्य कोणाचे, हे काँक्रीट ठरवीत नाही. जुन्या संस्थेत कर्तव्य होते, समता नव्हती. नव्या कायद्याने समतेची वाट मोकळी केली, पण कर्तव्य विखुरले. दोहोंना एकत्र आणणारी संस्था घडवणे, हेच या इतिहासाने आपल्यापुढे ठेवलेले काम आहे.