मूकबधिरांचें पापनिवेदन

आपलें पाप धर्मगुरूच्या कानीं घालावें आणि त्यानें तें मरेपर्यंत गुप्त राखावें, अशी कॅथलिक पंथाची रीत आहे. इ. स. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेनें वर्षांतून एकदां तरी पापनिवेदन आवश्यक ठरविलें. पण ज्यास वाचा नाहीं त्यानें काय करावें? जाळीआड बसणें ही इतरांची सोय. बहिऱ्यास तीच अडचण, कारण तिच्यांतून ना ओंठ दिसत ना हात. दुभाष्याची मुभा शास्त्रांत आहे, व गुप्ततेचें बंधन त्याच्यावरहि आहे. तथापि ओळखीच्या माणसादेखत आपलें पाप उघडें करण्यास कोण धजेल?

खरी वाट शिक्षणानें निघाली. सोळाव्या शतकांत स्पेनमधील पेद्रो पोन्से दे लेऑन या मठवासी साधूनें बहिऱ्या मुलांस लिहावयास व बोलावयास शिकविलें. इकडे मुंबईस १८८५ सालीं बिशप लिओ म्यूरिन यांनीं मूकबधिरांची शाळा काढली; हिंदुस्थानांतील ती पहिली. अक्षरओळख झाली कीं कागदच मध्यस्थ होतो, आणि तो मागाहून जाळतांहि येतो! नाशिकचा धर्मप्रांत १९८७ सालीं निराळा झाला. त्याआधीं चार वर्षें निघालेल्या नव्या धर्मसंहितेनेंहि दुभाष्याची मुभा कायम ठेविली होती. पुढें २०२४ च्या मे महिन्यांत त्रिचूर येथें जोसेफ थेर्मठम या बधिर तरुणास धर्मगुरूची दीक्षा मिळाली. खुणांनीं केलेलें निवेदन त्यांस दुभाष्यावांचून समजतें.