तळटीप : ‘सिंगल-हँडेड’

* सिंगल-हँडेड : इथे ‘एका हाताने’ असा अर्थ घेऊ नये, नाविकाचे दोन्ही हात गुंतलेलेच असतात. खलाशांच्या इंग्रजीत ‘हँड’ म्हणजे नावेवरचा माणूसही. तो एकटाच असला की सफर सिंगल-हँडेड. जोशुआ स्लोकमने ‘स्प्रे’ या नौकेतून अशी पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली (१८९५-९८). भारतीयांत पहिले दिलीप दोंदे (२००९-१०). त्यांची नौका ‘म्हादेई’ गोव्यात बांधलेली. ते वाटेत बंदरांत थांबले होते, पण त्याने बिघडत नाही. अट सोबत नसण्याची आहे, न थांबण्याची नव्हे. लेखकाने पुढे याच अर्थी ‘लोन वुल्फ’ वापरले आहे, ते आम्हांला खटकते. एकट्याने हल्ला करणाऱ्यालाही वर्तमानपत्रे तेच म्हणतात. ‘लोन रेंजर’ही नको, त्याच्याबरोबर त्याचा साथीदार टोंटो असे.