वस्तऱ्याची मूठ

वस्तरा म्हटला की आपल्याला न्हाव्याची धोकटी आठवते, नाहीतर सिनेमातला खलनायक. पण इंग्लंड-अमेरिकेत अशी बरीच हौशी माणसे आहेत, जी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे गंजके वस्तरे जुन्या बाजारातून उचलतात, पाती साफ करतात आणि त्यांना शिंगाच्या, शिंपल्याच्या नाहीतर दुर्मीळ लाकडाच्या नव्या मुठी बसवतात. मला हा छंद एका जुन्या विद्यार्थ्यामुळे कळला. मी स्वतः दाढी साध्या सेफ्टी रेझरने करतो, पण पस्तीस वर्षे इतिहास शिकवल्यामुळे वस्तू दिसली की ती कुठून आली हे विचारायची खोड जात नाही.

यातले पुष्कळसे वस्तरे इंग्लंडमधल्या शेफील्डचे. (दुसरे मोठे गाव जर्मनीतले झोलिंगेन.) शेफील्डच्या चाकू-कात्री बनवणाऱ्यांचा संघ १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याही आधी. पुढे १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. त्याला घड्याळाच्या स्प्रिंगसाठी एकजिनसी पोलाद हवे होते. वस्तऱ्याच्या बारीक धारेलाही नेमके तेच लागते.

इथे आपली मुंबई येते. १७९० च्या दशकात मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे 'वुट्झ' पोलादाचे नमुने पाठवले. १७९५ साली जॉर्ज पिअरसन यांनी त्यावर जो निबंध वाचला, त्याच्या मथळ्यात हे पोलाद मुंबईत बनते असे लिहिले आहे! खरे तर ते दक्षिणेतल्या भट्ट्यांचे. कानडीतल्या 'उक्कु' शब्दावरून हे नाव आल्याचे मानतात. त्याच पोलादाचे कोडे सोडवायला जेम्स स्टोडार्ट हा हत्यारे बनवणारा आणि तरुण मायकेल फॅरेडे एकत्र आले. हो, तोच विजेचा फॅरेडे, आणि लोहाराचा मुलगा. १८२० आणि १८२२ च्या त्यांच्या निबंधांत पाचशे भाग पोलादात एक भाग चांदी मिसळल्याचा प्रयोग आहे. अशा मिश्र पोलादाचे वस्तरे फॅरेडेने मित्रांना भेट दिले होते. मग शेफील्डच्या कित्येक पात्यांवर 'सिल्व्हर स्टील' ही अक्षरे झळकू लागली. ती आजही दिसतात, आणि विकणारा त्यांचे जास्त पैसे मागतो.

आता मुठीकडे येऊ. स्वस्त वस्तऱ्याला शिंग. शिंग म्हणजे आपल्या नखासारखाच पदार्थ, उष्णतेने मऊ होतो, म्हणून साच्यात दाबून त्यावर नक्षी उठवत. त्यावर डाग पाडून कासवाच्या पाठीची नक्कलही करत. श्रीमंतांना खरी कासवपाठ, शिंपला, हस्तिदंत. जोसेफ रॉजर्सच्या कारखान्यात हस्तिदंताचे कोठार होते आणि पाहुणे ते मुद्दाम पाहायला येत. एका दाढीच्या हत्याराच्या मुठीसाठी हत्ती!

आणि पाते ज्याने घासले तो? तो कोठारातल्या पाहुण्यांना दिसत नसे. वालुकाश्माच्या फिरत्या चाकावर वाकून दिवसभर काम, धूळ छातीत. एंगल्सने १८४५ च्या पुस्तकात शेफील्डच्या डॉक्टर नाइट यांचा हवाला देऊन लिहिले आहे, की कोरड्या चाकावरच्या कामगाराचे सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षे आणि ओल्या चाकावरचा क्वचितच ४५ च्या पुढे जाई. वस्तरा हातात घेऊन त्याच्या सौंदर्याचे गोडवे गाताना हे आकडे मला आठवतातच, इलाज नाही.

हस्तिदंताला पर्याय म्हणून १८७० च्या आसपास अमेरिकेत सेल्युलॉइड आले. तुम्ही म्हणाल, बरे झाले, हत्ती वाचले. हत्ती काही वाचले नाहीत, आणि हे सेल्युलॉइड जुने झाले की कुजते, त्यातून आम्लाच्या वाफा निघतात आणि शेजारचे पातेच गंजते. अशी मूठ मात्र ताबडतोब काढावी. हस्तिदंत ओळखायला तापलेली सुई टोचा, असा सल्ला देणारे भेटतात. सेल्युलॉइड भडकन पेटते, तेव्हा हा उद्योग करू नये. भिंगाने पाहावे: हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या रेषा दिसतात, हाडावर बारीक काळे ठिपके, आणि सेल्युलॉइडवर पट्टीने आखल्यासारख्या सरळ रेघा.

जिलेटच्या सेफ्टी रेझरला १९०४ साली पेटंट मिळाले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या हाती तो पडला, आणि वस्तरा हळूहळू न्हाव्यापुरता उरला.

खरा वाद आहे तो तडकलेल्या जुन्या मुठीचा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ साली दुरुस्ती होऊन आयात हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. ब्रिटनचा २०१८ चा कायदा २०२२ च्या जूनमध्ये लागू झाला. 'जुन्या साठ्यातले आहे' म्हणून नवा तुकडा कोणी देऊ करत असेल, तर घेऊ नये. पण म्हणून मूळ मूठ फेकून चकचकीत लाकूड बसवायचे, हेही मला पटत नाही. तो हत्ती मेलाच आहे; निदान ज्या वस्तूसाठी मेला तिच्यावर तरी त्याचा दात राहू द्या. तडा सांधता येतो. मूठ नसेलच, तर म्हशीचे शिंग घ्यावे. वाकले तर गरम करून दाबून सरळ करता येते.

काम नाजूक आहे. पितळी खिळ्याचे डोके कानशीने घासायचे, खिळा ठोकून काढायचा, दोन पट्ट्या सुट्या करायच्या. टोकाशी मधली पाचर बऱ्याचदा शिशाची असते, तिला कानस लावून धूळ उडवू नये. पात्याला यंत्रावर चकाकी आणण्याच्या नादात ते तापले तर पाणी उतरते, मग कितीही पाजळा, धार टिकत नाही. आणि दांड्यावरचा कारागिराचा ठसा घासू नका. गंजाचे दोन खड्डे राहिले तरी चालतील.